सात किलो मागे लावलेली सुई

नवापूरच्या एकनाथभाऊंना समुद्र लागतो. वडिलांची बोट, दोन्ही भाऊ बोटीवर, आणि हे मात्र किनारा दिसेनासा होण्याआधीच पोट धरून आडवे. सोळाव्या वर्षी वडिलांनीच त्यांना पालघरला वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात नेऊन बसवलं. त्याला आता चाळीस वर्षं झाली. नवापूरपासून मनोरच्या बाजारापर्यंत मासळीवाल्या, चिकूचे व्यापारी, भंगारवाले, सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत. आमच्या वाडीतला काटाही दरवर्षी तेच तपासतात. लग्नात जेवताना लोक त्यांना मुद्दाम विचारतात, नवरदेव किती किलोचा असेल? ते हसतात, पण अंदाजाने आकडा कधी सांगत नाहीत.

अशा माणसाला मी रेसच्या गाडीसाठी बोलावलं.

माझी मुलगी तेजल बोईसरच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. तिने आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या कमलेशने मिळून दोन सीटची एक उघडी गाडी घेतली. छप्पर नाही, दारं नाहीत, आमच्या घरच्या गाडीच्या निम्मं वजन. हौशी लोकांसाठी कोइंबतूरला ट्रॅक खुला करतात, तिथे ती चालवायची. मी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, की जोरात ब्रेक मारल्यावर गाडी सरळ थांबलेली मला माझ्या डोळ्यांनी बघू दे, मग खुशाल जा.

ती सरळ थांबत नव्हती. कमलेशच्या भावाच्या गाळ्यामागे एक मोठं मोकळं आवार आहे. तिथे तेजलने ब्रेक मारला, की पुढचं उजवं चाक फिरायचं थांबून घासत जायचं आणि गाडी डावीकडे ओढायची. हेल्मेट घातलेली ती मला हात दाखवायची, ठीक आहे म्हणून. मला काही ठीक दिसत नव्हतं.

तेजलने मला समजावलं होतं, की इतक्या हलक्या गाडीत कुठल्या चाकावर किती वजन येतं यावर सगळं असतं. स्प्रिंगवर एक रिंग असते. ती फिरवली की त्या चाकावरचा भार वाढतो किंवा कमी होतो. भार कमी पडला, की ब्रेक मारताच ते चाक घासत जातं. त्यासाठी त्यांनी चार चाकांखाली चार काटे ठेवले होते, दोन चिकूवाल्यांकडून आणलेले, दोन नवापूरहून. आकडे अगदी हवे तसे जुळवले होते. तरी गाडी वाकडीच. गाडी नेणारा टेम्पो शुक्रवारी निघणार होता. बुधवारी मी एकनाथभाऊंना फोन केला.

ते आले, आणि गाडीकडे बघितलंच नाही. चारही काट्यांभोवती एक फेरी मारली, खालच्या फरशा पाण्याच्या नळीने एका पातळीत आहेत का ते पाहिलं. मग म्हणाले, चालवणारं माणूस आत बसवा. तेजलला स्वतः आकडे बघायचे होते, म्हणून तिने मला बसवलं. तुझंही वजन अठ्ठावन्नच ना, असं तिने विचारलं आणि मी हो म्हणून गेले. भाऊंनी चार आकड्यांची बेरीज केली, कालच्या बेरजेशी ताडून पाहिली आणि हळूच म्हणाले, "ताई, पर्स खाली ठेवता का?"

पर्स घरी होती. माझ्यापायी नऊ किलो जास्त भरत होते. कमलेश पाठ फिरवून खोकला. मी उतरले, तेजल बसली.

भाऊंचं मात्र समाधान झालं नव्हतं. त्यांनी गाडी काट्यांवरून खाली घ्यायला लावली आणि स्वतः एकेका काट्यावर उभे राहिले. तीन काट्यांनी एकसष्ट दाखवलं. पुढच्या डाव्या चाकाखालच्या काट्याने चौपन्न. ते वाकले, तबकडीच्या मागे बघितलं. तिथे लाल रंगाचा एक ठिपका होता. भाऊ एका उलट्या डब्यावर जाऊन बसले.

"ही माझीच करनी हाय, बाय," ते तेजलला म्हणाले.

तो काटा नवापूरच्या मासळीवाल्या झुंबरबाईंचा. बंदरावर मासळी तोलताना क्रेटचं आणि बर्फाच्या पाण्याचं वजन वजा करण्यावरून रोज भांडणं व्हायची. शेवटी घेणारे, विकणारे सगळे बसून ठरलं, सात किलो धरायचे. भाऊंनी सगळ्यांसमोर सुई सात किलो मागे लावून दिली आणि खूण म्हणून तबकडीमागे लाल ठिपका दिला. काटा रिकामा असला की सुई शून्यावरच्या खिळ्याला टेकून राहते, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही. नवापुरात लहान पोरालाही हे ठाऊक आहे. झुंबरबाईंना वाटलं, नेणाऱ्यांनाही ठाऊक असणार.

"म्हणजे दोन दिवस आम्ही गाडीतून कोळंबीचा क्रेट वजा करत होतो," तेजल म्हणाली.

"पुढं डाव्या चाकावर खोटं सात किलो कमी दिसलं, तुमी खरं सात चढवलं," भाऊ म्हणाले. "उजवं बिचारं उपाशी राहिलं."

त्यांनी सुई जागेवर आणली. तेजल सीटवर, कमलेश खाली रिंगा फिरवतोय आणि भाऊ लिलावात पुकारतात तसे आकडे पुकारतायत, असं दुपारभर चाललं. मग गाडी आवारात आणली. मला शेजारी बसायचं होतं. तेजल म्हणाली, आई, तू बसलीस तर परत सगळी वजनं बदलतील. मी भिंतीशी उभी राहिले. ती लांबून वेगात आली, ब्रेक मारला आणि गाडी सरळ थांबली. मी आणखी चार वेळा करायला लावलं. चारही वेळा सरळ. मग मला नाही म्हणायला काही उरलं नाही.

आज संध्याकाळी तेजलचा कोइंबतूरहून फोन आला. दिवसभर गाडी चालवली, प्रत्येक ब्रेकला सरळ थांबली. फक्त एका वळणावर जरा गवतात गेली.

"गवतात म्हणजे?"

"आई, तू ब्रेकचं म्हणाली होतीस. वळणाचं काही बोलली नव्हतीस."

मी लगेच भाऊंना फोन लावला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, वेग किती होता तेही विचारलं.

"वजन बरोबर हाय, ताई," ते म्हणाले. "गवतात ती हौसेनं गेली. त्याला माझ्याकडं काटा नाय."