सूज नव्हती, नस तुटली होती

"सूजन नहीं, नस कटी है," शंकर नगरातल्या सर्जननी माझा लोंबणारा पंजा हातात धरून सांगितलं. मला रडू आलं नाही. संताप आला.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, चौकाचौकात दवाखान्यांचे नवे बोर्ड लागत होते. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये कामावर असताना लोखंडी पट्टी उसळून माझा उजवा दंड चिरला, तेव्हा अशाच एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं नुसती कातडी शिवली. मनगट उठत नाही म्हटलं, तर म्हणाला, "सूजन है, उतर जाएगी." दोन महिने हेच. बोटं उचलून दाखवा, असं एकदाही म्हटलं नाही.

तुटली होती रेडिअल नर्व्ह, म्हणजे मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या स्नायूंची नस. लगेच शिवली असती तर टोकाला टोक जुळलं असतं. आता टोकं आखडली होती. म्हणून नर्व्ह ग्राफ्ट केलं: पायातली नस काढून दंडातल्या फटीत बसवली. पाऊल बाहेरच्या बाजूनं बधिर झालं. कापला हात, भरपाई पायानं!

ऑपरेशन झालं तरी हात उठेना. सर्जननी समजावलं, जखमेखालची नस मरते, नुसती पोकळ नळी उरते. तिच्यातून नवे तंतू वाढत येतात, दिवसाला जेमतेम मिलिमीटर. इकडे स्नायू वाळत जातो. फार उशीर झाला, तर तंतू पोचूनही तो हलत नाही. आणि माझे दोन महिने त्या माणसानं वाया घालवले होते.

भनपुरीतल्या आमच्या वस्तीतले शेजारी म्हणत, "धीर धर." माझं डोकं फिरायचं. एकदा बायकोवर, वंदनावर ओरडलो, "काहून रोज माझी बोटं ताणून राहिली? काही होत नाही!"

"सांधे आखडले तर नस येऊन काय करन? राग त्या डॉक्टरचा हाय, मले काहून दाखवता?" ती म्हणाली, आणि बोटं ताणतच राहिली.

सर्जन दंडावर टिचक्या मारत. ही टिनेल टेस्ट: झिणझिण्या येतात तिथवर तंतू पोचले. आधी व्रणाशी, मग कोपराशी, मग त्याखाली.

एका सकाळी वंदना कणीक मळत होती. मी टेबलाच्या कडेवरून पंजा सोडून रोजच्यासारखा जोर लावला. मनगट उठलं. थोडंसंच.

"वंदना, पाह्य!"

तिनं पीठभरल्या हातांनी माझा पंजा धरला.

अंगठा अजून पुरता उघडत नाही. सर्जनचे आणि वंदनाचे उपकार मोठे आहेत. पण राग गेलेला नाही, आणि मी तो घालवणारही नाही. खोल जखम झाली, तर टाके पडण्याआधीच विचारा, नस तपासली का? डॉक्टर चिडला तर चिडू द्या. हात तुमचा आहे.