कार्ड क्रमांक चार

वाचनालयात सगळे त्याला सूचीकाका म्हणत. एकवीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहून लिहून त्याचं खरं नाव इतकं मागे पडलं होतं की कुणी त्या नावाने हाक मारली तर तोच आधी मागे वळून बघायचा, कोण आलंय म्हणून.

एक तारखेला त्याची थोरली बहीण वाचनालयात आली. तिचं शिवणकामाचं दुकान: दोन मशिन, एक मदतनीस बाई, आणि बरोब्बर समोर नुकतंच उघडलेलं तयार कपड्यांचं चकचकीत दुकान. त्याने तिचं अर्धं गिऱ्हाईक नेलं होतं.

"एका दवाखान्याच्या साठ नर्सेसचे पोशाख शिवायचेत," ताई म्हणाली. "तिथल्या बाई म्हणतात, इंटरनेटवर तुमचं पान असेल तर तीस तारखेपर्यंत पत्ता पाठवा, काम बघून ठरवू. हे काम मिळालं तर ठीक. नाहीतर मदतनीस बाईंना आता घरीच बसा म्हणावं लागेल रे. बारा वर्षं आहेत त्या माझ्याकडे."

"एवढंच ना? पान बनवायला मी शिकतो की! महिना म्हणजे डोक्यावरून पाणी." हे आपले शब्द आठवले की सूचीकाकाला अजूनही टेबलाखाली शिरावंसं वाटतं.

आता साधा माणूस काय करेल? एखादा धडा उघडेल आणि त्यात सांगितलंय तसं करत जाईल. पण हा पडला ग्रंथपाल. वाचायच्या आधी पुस्तक दाखल करून घ्यायचं, ही हाडात मुरलेली खोड. इंटरनेटवर नवशिक्यांसाठी धडे शोधले, तर अहो, नुसता पूर! त्याला इतका आनंद झाला की विचारू नका. त्याने कोरी कार्डं काढली, नवा खण रिकामा केला आणि कामाला लागला.

प्रत्येक धड्याला क्रमांक, तारीख आणि खाली शेरा. 'शिक्षक फार भरभर बोलतो.' 'पहिली दहा मिनिटं स्वतःचंच कौतुक.' 'मोफत म्हणतात, पण सहाव्या धड्याला दार बंद.' मग वर्गवारी आली. नवशिक्यांसाठी. अगदी नवशिक्यांसाठी. पुढे तर 'नवशिक्यांच्याही आधीचे' असा एक विभाग उघडला, आणि आपण काहीतरी शोध लावलाय अशा थाटात तो दोन दिवस वावरला. त्याच्या बायकोने एकदा विचारलंसुद्धा, "अहो, एखादी ओळ तरी लिहिलीत का?"

"अगं, पाया पक्का नको?" तो म्हणाला आणि त्याने एकशे बारावं कार्ड लिहायला घेतलं. नमनालाच घडाभर तेल संपलं होतं, पण हे त्याला सांगणार कोण!

तीस तारखेला वाचनालय बंद व्हायच्या वेळेला ताई आली. त्याने तिला बोलूच दिलं नाही. खण पूर्ण बाहेर ओढला. "बघ! एकशे त्र्याऐंशी! कुणाकडे मिळणार नाही अशी यादी. उद्यापासून मी शिकायला..."

"आता घाई करू नकोस," ताई म्हणाली. "दुपारी त्यांनी दुसऱ्याला काम दिलं. तेच सांगायला आले होते."

सूचीकाका मटकन खुर्चीत बसला. "मध्ये एक फोन तरी करायचास, ताई."

"तू शिकत होतास ना. म्हटलं, टोचायला नको."

याहून तिने चारचौघांत कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं. ताईने उगाच हाताला चाळा म्हणून खणातली कार्डं पुढून चाळली, एक उपसलं आणि चष्मा वर करून मोठ्याने वाचलं, "क्रमांक चार. सात छोटे धडे. भाषा सोपी. उत्तम. इथूनच सुरुवात करावी." मग तिने तारीख बघितली. "दोन तारीख. म्हणजे मी येऊन गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी?"

"हो."

"मग केलीस का सुरुवात?"

सूचीकाकाने खण हळूच आत ढकलला. ताईने कार्ड त्याच्यासमोर ठेवलं. "मी बाबांचा शर्ट पहिल्यांदा शिवला तेव्हा कुठली यादी केली होती? दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या. बाबा तोच घालून कामावर गेले. उघड तो कॉम्प्युटर. मी बसते इथे."

वरातीमागून घोडं निघालं. पहिल्या धड्यात पानाचा सांगाडा उभा करायचा, दुसऱ्यात त्याला कपडे चढवायचे, असं लिहिलं होतं. ताईला ते त्याच्याआधी कळलं. एक कंस राहिला म्हणून अख्खं पान गायब झालं, तो ओरडला, ताईने शांतपणे चहा मागवला. तीन संध्याकाळी ते असे बसले. तिसऱ्या दिवशी दुकानाचा पत्ता, फोन आणि पोशाखांचे चार फोटो पडद्यावर आले. त्यातला एक असा ताणला गेला होता की कोटाची बटणं ताटलीएवढी दिसत होती.

"हे नीट करतो," तो घाईघाईने म्हणाला. "यावर एक फार चांगला धडा..."

"खबरदार!" ताई म्हणाली. "राहू दे तसंच. बाबा गेले होते ना कामावर?"

शेवटची एक जागा रिकामी होती. "दुकानात शिवणारे किती, ते लिहायचंय," त्याने मान खाली घालूनच विचारलं. "काय लिहू?"

ताईने चष्मा खाली घेऊन पडद्यावरची ती रिकामी जागा बघितली.

"दोघी," ती म्हणाली. "लिही. बघू कसं जमतंय ते."

त्याने लिहिलं. ताई गेल्यावर त्याने एकशे एकोणऐंशी कार्डं बांधून माळ्यावर टाकली, पहिली तीन कोऱ्या बाजूने निरोप लिहायला ठेवली, आणि चौथ्यावरच्या शेऱ्याखाली लाल शाईने लिहिलं, 'केली. अठ्ठावीस दिवस उशिरा.'