आत्याचं खरं माप

आमची आत्या शर्ट शिवते. मापाच्या वेळी भलेभले पोट आत ओढतात, हे तिला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणून ती टेप गळ्यात टाकून आधी बायकामुलांची चौकशी करते. माणूस बोलायला लागला की पोट आपोआप जागेवर येतं आणि आत्या पटकन टेप फिरवते. गल्लीतल्या सगळ्या पोटांचे खरे आकडे तिच्या वहीत आहेत. आमच्या डॉक्टरांच्या पोटाचासुद्धा.

या आत्याला हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. त्यात तिनं स्वतःच्या अकलेनं भर घातली: गुडघ्यांसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ताकदीसाठी लसणाच्या, शिवाय शेजारणीनं दिलेली एक हिरवी बाटली. "औषध कुठंय ते? खाणंच की!"

मग एके दिवशी बोटाला सुई टोचली आणि रक्त थांबेचना. गिऱ्हाइकाची पांढरी कॉलर लाल झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आत्या घाबरली, मरणाला नव्हे, सुई सुटण्याला. मीही घाबरलो, कारण शिवण सुटली तर ही बाई घरात आम्हालाच उसवत बसली असती.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "आणखी काही घेता का?"

"छे!" टेबलाखाली तिनं माझा पाय दाबला.

"मग सुई बंद ठेवावी लागेल, आत्या. किती दिवस, सांगता येत नाही."

तिचा चेहरा पडला, पण बाटल्या असलेली पिशवी तिनं पोटाशी घट्ट धरली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नातीचा फ्रॉक झाला का हो?"

"झाला की! दोन दिवसांत. हल्ली गुडघे कुरकुरत नाहीत ना, त्या तेलाच्या कॅप्सूल..." आत्यानं जीभ चावली.

"माझं माप तुम्ही असंच घेतलं होतंत," डॉक्टर म्हणाले.

आत्यानं मुकाट्यानं पिशवी टेबलावर उपडी केली. डॉक्टरांनी एकेक लेबल वाचलं. "खाणं म्हणून विकलं तरी यातलं काही रक्त आणखी पातळ करू शकतं. हे सगळं थांबवा. माझी गोळी मात्र मनानं सोडू नका. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासू."

पुढचा रिपोर्ट चांगला आला. आत्यानं सुईत दोरा ओवला तेव्हा तिचे डोळे भरून आले, माझेही.

त्याच संध्याकाळी डॉक्टर नव्या शर्टाचं माप द्यायला आले, पोट आत ओढून. आत्यानं कुणाचीच चौकशी केली नाही. टेप धरून ती नुसती बघत उभी राहिली. शेवटी डॉक्टरांनीच श्वास सोडला.