मागच्या सीटवरचा मिस्त्री

मिस्त्रीला गाडी दाखवायची तर आधी त्याला मागे बसवून एक चक्कर मारून आणायची, हा त्याच्या दुचाकीच्या गॅरेजचा कायदाच होता. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, पिकअप घेताना अडखळते, पाना घ्या आणि बघा की!" मिस्त्री ढिम्म. हात पुसायचा, मागच्या सीटवर टांग टाकायचा, चालवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर पंजा ठेवायचा आणि डोळे मिटायचा. "चल, पीळ मूठ." पुढे बसलेला रस्ता बघतो, गाडी ऐकू येते ती मागच्यालाच, असं त्याचं म्हणणं. ह्याला फुकटात फिरायची हौस आहे, अशी लोक थट्टा करायचे. करोत बापडे! परत येईपर्यंत दोष त्याच्या जिभेवर असायचा, आणि तो सहसा चुकत नसे.

त्या दुपारी जावई गॅरेजच्या दारात उभा राहिला. जावयाने तीच गाडी आणली होती. ट्रकला ओव्हरटेक करताना ती अडखळली होती, पुढे निघता आलं नव्हतं, समोरून दुसरी गाडी आली होती. मागे बसलेली मिस्त्रीची एकुलती एक लेक फेकली गेली, ती पुन्हा उठलीच नाही. आणि आदल्या दिवशीच मिस्त्रीने स्वतःच्या हाताने त्या गाडीचं काम करून दिलं होतं. "गाडीने दगा दिला," असं जावई सगळ्यांना सांगत होता. मिस्त्रीची बायको ते ऐकूनच घेईना. "ह्यांच्या हातची गाडी दगा देत नाही. त्यानेच काहीतरी केलं," म्हणून तिने जावयाला घराचं दार बंद केलं होतं. मिस्त्री बिचारा मधल्या मधे. अंथरुणावर पडलं की तो मनातल्या मनात ते इंजिन पुन्हा खोलायचा.

"बाबा, अजून तसंच करते," जावई म्हणाला. माणूस पार वाळून गेला होता, शर्ट अंगावर नुसता लोंबत होता. "जोरात खेचली की क्षणभर जीवच सोडते. तुम्हीच बघा. आत काही निघालं तर ठीक. नाहीच निघालं, तर मग मीच की हो! मग मला जगता यायचं नाही."

"आत या, दारात उभे राहू नका," मिस्त्री खेकसला. खेकसलं की रडू मागे हटतं.

त्या सीटवर बसायचं त्याच्या जिवावर आलं. म्हणून जन्मात पहिल्यांदा त्याने मागे न बसताच गाडी खोलली. प्लग काढला, एअर फिल्टर झटकला, टाकीच्या झाकणाचं भोक पाहिलं, पेट्रोल धो धो येतंय ना ते बघितलं. कार्बोरेटरचं जेट, पेट्रोल सोडणारी ती सुईएवढ्या भोकाची नळी, उजेडाकडे धरलं. सगळं लख्ख! मग एकट्यानेच एक चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी पळाली. सुटलो बाबा, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी बसला मागे. गोदामांच्या मागचा सरळ रस्ता, भर ऊन, चिटपाखरू नाही. "पिळा," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. गाडीने जोर धरला, आणि त्याच्या पंज्याखालचा खांदा दचकला. मागून कोणी हात लावला की माणूस दचकतो ना, तसा. मग मूठ सैल पडली. मग इंजिन अडखळलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आधी खांदा, मग मूठ, मग इंजिन.

"बघितलंत?" जावई ओरडला. "मूठ तर मी पुरी पिळून धरलीय!" तो खोटं बोलत नव्हता. आपली मूठ सैल पडतेय, हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. मग त्याने गाडी कडेला घेतली. "बाबा, पण तुम्ही खांदा का दाबता?"

"मी कुठे दाबतोय? नुसता हात ठेवलाय."

"तो नाही हो. डावा."

मिस्त्रीने खाली पाहिलं. त्याचा डावा हात स्वतःच्या मांडीवर होता. लहानपणी लेक त्याच्या मागे बसायची, आणि वेग वाढला की गुपचूप त्याचा डावा खांदा दाबायची. हळू चालवा म्हणायची तिला लाज वाटायची. हे जावयाला त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"उतरा. सावलीत थांबा," मिस्त्री म्हणाला आणि एकटाच निघाला. त्याने मूठ पार शेवटपर्यंत पिळली. "दाब ना, बाळा," तो वाऱ्यात ओरडला. "एकदा तरी दाब!" इंजिन एकसुरात गात राहिलं. खांद्यावर शर्ट फडफडत होता, बाकी काही नाही. नवऱ्याकडे येते आणि बापाकडे येत नाही! त्याला इतकं वाईट वाटलं की रस्ता दिसेना.

परत फिरताना त्याला सगळं लख्ख कळलं होतं. इंजिन निर्दोष होतं, त्याचे हात निर्दोष होते. हे घरी सांगितलं तर बायको ताठ मानेने म्हणणार, बघा, मी सांगत नव्हते! आणि हा पोरगा संपणार. गॅरेजात येऊन त्याने जावयाकडे पाठ करून कार्बोरेटर पुन्हा खोलला, उगाच फुंकर मारली.

"सापडलं. जेटमध्ये कचरा अडकला होता. मघाशी नजरेतून सुटला. त्या वेळीही मीच नीट साफ केलं नसणार. चूक तुमची नाही हो. माझी आहे."

जावई तिथल्या टायरांवर बसला आणि हंबरडा फोडून रडला. मग गाडी घेऊन निघाला. मिस्त्री दारात डोळे मिटून ऐकत राहिला. आवाज चढत गेला, कुठेही न तुटता, पार ऐकू येईनासा होईपर्यंत. इंजिनात कोणी काही दुरुस्तच केलं नव्हतं!

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मिस्त्रीने उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कचरा होता, माझ्या हातून राहिला, त्याला घरात घे. तिने हातातली घडी पुरी केली.

"केवढा होता?"

मिस्त्रीने अंगठा आणि बोट जवळ आणलं. मध्ये किती फट ठेवावी ते त्याला कळेना. त्याने बोटं आणखी जवळ आणली.

"एवढासा?" ती त्या बोटांकडे बघत म्हणाली. "एवढ्याशापायी गेली माझी पोर? आणि तुम्हाला दिसला नाही?"

"नाही दिसला," मिस्त्री म्हणाला.