चिंच लावलेली मोटार

आमच्या थोरल्या साडूंनी हयातीत एकदाही आरशात तोंड पाहिलं नाही, आणि तरीही अख्ख्या नागपुरात त्यांच्याइतकी गुळगुळीत दाढी दुसऱ्या कुणाची नव्हती. हे दोन्ही चमत्कार एकाच वस्तूमुळे घडत. ती म्हणजे त्यांच्या काळ्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकाची क्रोमची टोपी. रोज सकाळी साडू बनियनवर अंगणात उकिडवे बसत आणि त्या टोपीत बघून वस्तरा चालवत. टोपी फुगीर, त्यामुळे त्यांना स्वतःचं नाक दुधी भोपळ्याएवढं दिसे आणि नाकाच्या आसपास वस्तरा फार अदबीनं वावरे. शेजारी नवे भाडेकरू आले. त्यांनी पहिल्याच सकाळी खिडकीतून हे पाहिलं आणि बायकोला हाक मारून सांगितलं, "अगं, इथले लोक मोटारीचीसुद्धा दाढी करतात!"

साडू मूळचे नरखेडकडचे, संत्र्याच्या बागेतले. नोकरीनं नागपुरात आणलं, तरी गोठा डोक्यातून गेला नाही. घरची शेवटची बैलजोडी थकून गेली आणि शहरात नवी बांधायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी एका निवृत्त साहेबाची जुनी मोटार आणून अंगणात बांधली. बांधली म्हणजे खरोखर बांधली. पहिले आठ दिवस बंपरला दावं होतं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि त्यांना जेवायचं आमंत्रण देतात. साडू मोटारीच्या मडगार्डना तूप-हळद चोळून हात जोडत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी बॉनेटवर पुरणपोळी ठेवली जाई. ती मांजर खाई. साडूंना हे मान्य नव्हतं. "काहून खोटं बोलता साडभाऊ? काल पोळी खाल्ली तं आज गाडी पाच मैल जास्त चालली, बाप्पा!"

पण त्यांचा खरा जीव दोन ठिकाणी होता. चाकांच्या चार टोप्यांत, आणि सायलेन्सरच्या नळीला मागं कासाराकडून घडवून बसवलेल्या पितळेच्या तोंडात. माणसाची पारखसुद्धा ते तिथूनच करत. म्हणत, "पुढून काय पाहता? तोंड तं सारेच धुतात. नळी पाहा!" बेबीसाठी, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीसाठी, आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी केवळ मुलाच्या काकांच्या गाडीची नळी काजळलेली होती म्हणून परत पाठवलं. बाजारातलं कुठलंही पॉलिश त्यांना पसंत पडत नसे. गोवऱ्यांची राख झाली, रांगोळी झाली, संत्र्याची वाळवलेली साल झाली. एकदा दंतमंजनाचा प्रयोग झाला तेव्हा महिनाभर त्या गाडीमागून सायकल चालवणाऱ्याला लवंगेचा वास येई. दोन सायकलस्वारांची दाढदुखी थांबली, असं साडू सांगत. तिसऱ्याचं मी सांगतो, कारण तो मी होतो.

अखेर रामटेकचा मुलगा पसंत पडला आणि वैशाखातली तारीख ठरली. बेबी लहानपणी त्याच डाव्या चाकात बघून कपाळावर टिकली लावायची आणि तेव्हाच साडूंनी तिला शब्द दिला होता, "तुले याच गाडीत सासरी पाठवीन, अन् त्या दिवशी चाकात तुयं तोंड चंद्रावानी दिसन." आता शब्द पाळायचा, तर चाकं अशी हवीत की रामटेकच्या गडावरून चमकताना दिसावीत. लग्नाला आठ दिवस उरले असताना साडूंनी नळीचं पितळ चिंचेनं घासलं. ते सोन्यासारखं उजळलं. साडूंनी हिशेब केला, घासून एवढं तर लावून ठेवलं तर केवढं! चारी टोप्यांना चिंच-मिठाचा जाड लेप दिला आणि आम्ही दोघं एसटीनं पत्रिका वाटायला नरखेडकडे निघून गेलो. नागपूरचं वैशाखातलं ऊन दिवसभर त्या लेपाला शेकत बसलं.

संध्याकाळी लेप धुतला. टोप्यांना देवी आल्या होत्या. क्रोमवर तांबूस पुरळ, मध्ये राखाडी चट्टे. साडू जमिनीवरच बसले. बेबी परकराला हात पुसत बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, पितळेचं भांडं चिंचेनं घासतात, तवा कोणी चिंचेनं घासते का? ज्याचं त्याचं न्यारं नसते का जी?" दुसऱ्या दिवशी सकाळी साडू चाकासमोर बसले आणि वस्तरा तसाच मिटून उठले. तेव्हा मला परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

आम्ही गाडी घेऊन शहराबाहेर वाडीच्या नाक्यावर गेलो. तिथं ट्रकवाल्यांचा मेळाच असतो. पानठेल्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं टोपीवरून बोट फिरवलं आणि कपाळाला लावलं. "चाचा, ये क्रोम है, कढी नहीं! इमली कायकू डाली?" मग त्यानं इलाज सांगितला. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद पाण्यात भिजवून, हलक्या हातानं. मग मऊ फडकं, मग मेण. जोर करायचा नाही. साडू एखाद्या वैद्यासमोर बसावं तसे ऐकत होते.

कागद पुष्कळ लागणार होता आणि आम्ही दोघंही सुपारीच्या पुढं न गेलेले. चार दिवस मी वाडी ते नागपूर प्रत्येक पानठेल्याखालची पाकिटं वेचली. आमच्या सासूबाईंच्या ओळखीच्या कुणीतरी मला वाकलेलं पाहिलं आणि बातमी घरी पोचली, "धाकले जावई दिवसाले साठ सिगारेटी फुकून राहिले." माझ्या बायकोनं मला देवासमोर उभं करून तोंडाचा वास घेतला. इकडे साडू मात्र एकेक ठिपका असा टिपत होते की जणू झोपलेल्या लेकराच्या अंगावरची माशी. लग्नाच्या आदल्या दिवशी डाव्या चाकात माझं नाक पुन्हा भोपळ्याएवढं दिसलं. आम्ही साडभाऊ एकमेकांना कडकडून भेटलो.

पाठवणीची वेळ आली. गाडी मी चालवणार होतो. बेबी बाहेर आली ती दाराकडे गेलीच नाही. शालू सावरत डाव्या चाकापाशी बसली, त्यात बघून कपाळावरचं कुंकू नीट केलं आणि रडता रडता खुदकन हसली. साडू दिसेनात. सापडले ते गाडीच्या मागं, धोतराच्या सोग्यानं नळी घासत.

"आता किती घासता जी?" थोरली मेहुणी, म्हणजे बेबीची आई, म्हणाली. "पोरगी जाऊन राहिली न!"

"डाग राहिला वं एक."

मी वाकून पाहिलं. डाग नव्हता. साडूंचे डोळे मात्र लाल होते. "धूर गेला डोळ्यात," ते म्हणाले. मी इंजिन अजून सुरूच केलं नव्हतं.

मग गाडी सुरू केली. साडू पुढं आले, मडगार्डवरून बैलाच्या खांद्यावरून फिरवावा तसा हात फिरवला, आणि खिडकीकडे न बघता म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

नवऱ्या मुलाला वाटलं, सासरे गाडीशी बोलताहेत. बेबीनं हात बाहेर काढून त्यांच्या हातावर ठेवला. "येतो, बाबा."

गाडी दोन दिवस रामटेकलाच राहिली. परत आलो तेव्हा साडू फाटकात उभे होते, गालांवर पांढरे खुंट घेऊन. तसे ते मी कधी पाहिले नव्हते. घरात आरसा नव्हता असं नाही. बेबीच्या खोलीत भिंतीवर चांगला मोठा होता. पण त्या खोलीत ते दोन दिवस गेलेच नाहीत, असं मेहुणी सांगत होती.