पहिल्या नंबरवर कुठलं कॉलेज

१४ जुलै. दुपारी काजूगर निवडायला बसले होते. अख्खे एका सुपात, अर्धी पाकळी दुसऱ्यात, तुकडा तिसऱ्यात. माझ्याकडे कामाला येणाऱ्या दोघी भाताच्या लावणीला गेल्या होत्या, त्यामुळे माल मलाच संपवायचा होता. माझा फोन बंद पडलेला, म्हणून नवरा जेवून परत शेतावर जाताना त्याचा मागून घेतला आणि शेजारी ठेवला. व्यापाऱ्याचा निरोप यायचा होता. तो आला का ते बघायला मेसेज उघडले आणि व्यापाऱ्याच्या जागी भलतंच दिसलं. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या अर्जात बदल करण्यासाठीचा ओटीपी. सकाळी अकराचा.

सकाळी अकराला मी घरात होते, मुलगी घरात होती. नवरा शेतावर जातो म्हणून गेला होता. अर्जात बदल कोणी केला?

अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती. त्यात कॉलेजं क्रमानं भरायची असतात. गंमत अशी की पहिल्या नंबरवर लिहिलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत मिळालं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत उभं राहता येत नाही. आमच्या मुलीच्या मार्कांना दोन जागा मिळण्यासारख्या होत्या. घाटापलीकडच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल, नाहीतर हायवेजवळच्या खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर. जे वर लिहू तेच पदरात पडणार. चार वर्षांचा प्रश्न.

सरकारी कॉलेजाचा मला पहिल्यापासून संशय होता. फी इतकी कमी की ऐकल्यावर मी दोनदा विचारलं. काजूच्या धंद्यात वीस वर्षं काढल्यावर माणूस असा होतो. कोणी काजूची बी स्वस्तात देतो म्हटला की मी पोत्याच्या तोंडाशी बघत नाही. हात कोपरापर्यंत आत घालते, तळातली मूठभर काढते आणि अडकित्त्यानं कापते. वर चांगला माल पसरलेला असतोच. खरं काय ते तळाला असतं.

पण खाजगीवरही विश्वास नव्हता. त्यांचा एक माणूस घरी आला होता. पिशवी, कॅलेंडर, पेन, सगळं घेऊन. मला दर वाक्याला मॅडम म्हणत होता. इतक्या वर्षांत मला मॅडम म्हणणाऱ्या प्रत्येकानं काही ना काही विकलेलं आहे. त्याच्या कॉलेजात मी मुलीला घेऊन गेले. कॉम्प्युटरची खोली थंडगार, फरशी आरशासारखी, आणि निम्म्या कीबोर्डांवर अजून प्लॅस्टिकचं वेष्टण. मुलीनं मला कोपरानं ढोसलं. मीही बघितलं होतं.

त्यानंतर जूनच्या शेवटी मी एकटी सरकारी कॉलेज बघून आले. घरी सांगितलं, पॅकिंगचं मशीन बघायला जाते. खरं सांगितलं असतं तर नवरा बरोबर आला असता आणि साहेबासमोर हात जोडून उभा राहिला असता. मला साहेब बघायचा नव्हता. कणकवलीहून पहाटेची एसटी पकडली.

गेटवर कोणी विचारलं नाही. ऑफिसात बाई म्हणाल्या, "साहेब मीटिंगला आहेत, माहितीपत्रक संपलं." बरंच झालं. मी फिरले. इमारत जुनी, जिन्यात भिंतीला ओल. दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या बाथरूममध्ये नळाला पाणी नव्हतं, दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. इलेक्ट्रिकलच्या दारावर शिक्षकांच्या नावांची पाटी होती आणि तीन ओळी रिकाम्या. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "जागा भरल्या नाहीत. तासावर माणसं येतात. एक चांगले होते, ते दिवाळीत सोडून गेले." पैसे घेऊनही कोणी इतकं खरं सांगत नाही.

मग कॅन्टीनमध्ये चहा घेऊन मुलींच्या बाकावर बसले. दोघी होत्या, दुसऱ्या वर्षाच्या. एकीच्या बोटांना सोल्डरिंगचे डाग.

"शिकवतात का नीट?" मी विचारलं.

"काही सर शिकवतात. काही नाही." ती म्हणाली. "जे शिकवत नाहीत त्यांचं आम्हीच वाचतो. पण काकू, लॅब सहापर्यंत उघडी असते. चावी आमच्याकडेच देतात."

"आणि नोकऱ्या?"

"कॉम्प्युटरवाल्यांना कंपन्या घेऊन जातात. आमच्याकडे कमी येतात. आमची मुलं महावितरण, रेल्वे, अशा परीक्षा देतात." दुसरी म्हणाली, "तुमची मुलगी परीक्षा देणारी आहे का?"

मी भजी मागवली.

हॉस्टेलच्या बाईंनी तर सरळच सांगितलं. पहिल्या वर्षाला खोली मिळेलच असं नाही, यादी प्रवेशानंतर लागते. मी पाठीमागच्या गल्लीत मुली ठेवणाऱ्या एका घरात जाऊन आले. बाथरूमची कडी आतून लावून बघितली. लागत होती.

परतीच्या गाडीत हिशेब जमत नव्हता. फी कमी, डिग्रीला नाव, लॅब उघडी. पण शिक्षक अपुरे, खोलीची खात्री नाही, घर लांब. खाजगीत बस दाराशी येणार, मुलगी घरचं जेवणार, आणि एक मान्य केलं पाहिजे, तिथे फोन उचलतात. सरकारीत मी अकरा वेळा फोन लावला होता. पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. सरकारी कॉलेजाची तारीफ मला तिथल्या एकाही माणसानं केली नव्हती. मग वाटलं, हीसुद्धा एक युक्ती असेल. मग माझं मलाच हसू आलं.

घरी आल्यावर मुलीनं विचारलं, "मशीन खंय आसा?"

"पसंत पडलं नाही."

ती गालातल्या गालात हसली. आमचा काजूचा ड्रायर गेल्या मेमध्ये बंद पडला तेव्हा मेकॅनिक आठ दिवस येतो येतो म्हणत होता. हिनं तो उघडला, थर्मोस्टॅट बाहेर काढला, मालवणहून नवा आणून बसवला. म्हणून शेवटी आम्ही सरकारी इलेक्ट्रिकल पहिल्या नंबरवर लिहिलं. लिहिलं म्हणजे मालवणच्या बाजारातल्या फॉर्म भरणाऱ्या दुकानदाराकडून भरून घेतलं. नवरा म्हणाला, "बरा झाला." तो तेवढंच म्हणाला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तर ओटीपी बघितल्यावर मी मुलीला हाक मारली. तिनं तिच्या फोनवर अर्ज उघडला. पहिल्या नंबरवर खाजगी, कॉम्प्युटर. सरकारी दुसऱ्या नंबरवर.

"आई, मियां नाय केलंय," ती म्हणाली.

"माका ठाऊक आसा." माझा संशय दुकानदारावर. पासवर्ड आमच्याशिवाय त्याच्याकडेच होता, आणि त्याच्या भिंतीला त्याच खाजगी कॉलेजाचं कॅलेंडर टांगलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. काजूवर ताट उपडं घातलं, मुलीला स्कूटर काढायला सांगितली आणि भिजत मालवणला गेलो.

दुकानात शिरतानाच मी सुरू केलं. "कॉलेजवाले पोरामागे किती देतत रे तुका?"

तो झेरॉक्स काढत होता. त्यानं मशीन थांबवलं. "वयनी, वायच बसा. च्या घेतास?"

"च्या नको. आमच्या अर्जाक हात कोणी लावलो ता सांग."

"तुमच्या मालकांनीच सांगल्यानी. सकाळी हयसर येऊन बसलले. ओटीपी तेंच्या फोनार इलो, तेणीच वाचून दाखवल्यानी. मी काय सपनात बघलंय ओटीपी?" मग त्यानं कॅलेंडरकडे बोट केलं. "आणि ह्या फुकट गावला म्हणान लावलंय. तुमी दुसरा दिल्यात तर ता लावतंय."

दुकानातल्या दोन पोरी खुदकन हसल्या. मी त्याला सॉरी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी नवरा आला. लावणीचा चिखल पायाला, डोक्यावर प्लॅस्टिकचं घोंगतं. पडवीत पाय धुवायच्या आधीच मी विचारलं.

"ओटीपी कोणाक दिलात?"

"आधी च्या दी."

"आधी सांगा."

तो पाय धूत राहिला. दोन्ही पाय धुऊन झाले तरी पाणी ओततच होता. मग म्हणाला, "कौल घेतलंय."

आमच्याकडे मोठं काम असलं की देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं म्हणजे मागणं घालतो, आणि उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. विहीर कुठे खणायची, सोयरीक करायची की नाही, सगळं तिथे विचारतात. माझं लग्नही कौलावर झालेलं आहे, त्यामुळे मी त्यावर फारसं बोलत नाही.

"काय इचारलात देवाक?"

"आपल्या चेडवाक लांब धाडू काय."

"आणि?"

"डावो पडलो."

"म्हणजे कॉलेज खयचा बरा ह्या इचारूकच नाय?"

"देवाक कॉलेजा काय ठावक?"

"मगे कॉलेज कित्याक बदललात?"

त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. "चेडू गेला की घरात दोनच माणसा रवतली," तो म्हणाला.

"मी काय कमी बोलतंय?"

"तू बोलतंस गो. तेची काळजी नाय."

मला राग आला होता तो तिथेच थोडा सांडला. पण मनात हिशेब चालूच होता. माणूस देवाला प्रश्न विचारतो तो त्याला हव्या त्या उत्तराचाच असतो का? आणि मी हॉस्टेलच्या बाईंना विचारलं ते काय होतं? मी नाही ऐकायला गेले होते की हो?

मुलगी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुमी दोघांनी सगळ्यांका इचारल्यात," ती म्हणाली. "बाबांनी देवाक इचारल्यान. आई मशीन बघूक म्हणान गेली आणि हॉस्टेलवालीक इचारून इली. माका कोणी इचारल्यात?"

"तुका कसा कळला?" मी म्हटलं.

"तू भजी खाल्लंस ना? त्या दोघींतली एक माका इन्स्टावर ओळखता. एक काकू मालवणी हेल काढून चौकशी करून गेली म्हणान सांगल्यान."

नवरा माझ्याकडे बघत होता. पॅकिंगचं मशीन अजून आलं नव्हतं ते त्याच्या आता लक्षात आलं.

"मगे आता इचारतंय," मी म्हटलं. "शिक्षक नाय, ठावक आसा?"

"तीन जागा रिकाम्या. ठावक आसा."

"खोली मिळाची नाय."

"पहिल्या वर्साक मिळाची नाय. मागच्या गल्लीत रवतलंय."

"दुसऱ्या माळ्यार पाणी नाय."

"बादल्यो आसत."

"कंपन्या येत नाय."

"परीक्षा देतलंय." मग ती बापाकडे वळली. "बाबा, थंय लॅबची चावी पोरांकडे देतत. हय प्लॅस्टिक काढूक देत नाय. मी चार वर्सा प्लॅस्टिक बघीत बसू?"

नवरा म्हणाला, "पण डावो पडलो." हे तो हट्टानं बोलत नव्हता. खरंच घाबरला होता. कौल मोडला आणि उद्या मुलीला ताप जरी आला तरी तो माणूस वर्षभर झोपणार नाही, हे मला माहीत आहे. एवढ्या वर्षांत एवढं तरी कळतं.

मी चहा ठेवला. सरकारी कॉलेजाबद्दलचा माझा संशय गेला नव्हता, आजही गेलेला नाही. रिकाम्या तीन ओळी मी विसरत नाही. पण त्या तिला माझ्याआधी माहीत होत्या. तळाला हात घालायला तिला कोणी शिकवलं नव्हतं, तरी ती घालून आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून नवऱ्याला आणि मुलीला घेऊन देवळात गेले. नारळ मी घेतला. गुरव पाकळ्या काढायला लागला तशी मी त्याला थांबवलं. "कौल नको. गाऱ्हाणा घाल फक्त. सांग देवाक, चेडू लांब जाता, तेका सांभाळ." गुरवानं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं मान हलवली. गाऱ्हाणं झालं आणि त्याला दुजोरा द्यायचं "व्हय म्हाराजा" तो माझ्याहून मोठ्यानं म्हणाला.

तिथून तिघं मालवणला. दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. दुकानदारानं शटर वर केलं, आम्हाला बघून परत खाली ओढल्यासारखं केलं आणि हसला. त्याला मी कालचं मनावर घेऊ नको म्हटलं. मुलगी खुर्चीवर बसली, सरकारी इलेक्ट्रिकल वर घेतलं, खाजगी खाली. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर आला. त्यानं चष्मा लावला आणि एकेक आकडा सावकाश वाचला. तिनं एकदा सगळी यादी मोठ्यानं वाचून दाखवली, आणि आम्ही दोघं काही बोलायच्या आत बटण दाबलं.