नानांच्या चिठ्ठ्या

मंगळवार, ११ मार्च. माझ्या डायरीत त्या दिवशीची कामं दोन: धुळ्याच्या व्यापाऱ्याला केळीच्या गाड्यांच्या बुकिंगची वेबसाइट दाखवणे, आणि परतताना नानांना 'उद्यापासून येऊ नका' असं सांगणे.

चिठ्ठी नसलेली वस्तू सहन न होणारा नानांसारखा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा नाही. रेल्वे पार्सलमधून निवृत्त झाल्यावर नाना साठीत जावा ही संगणकाची भाषा शिकले आणि मेहरूणला माझ्या छोट्या ऑफिसात कोड लिहू लागले. त्यांच्या डब्यावर 'डबा', छत्रीवर 'छत्री'. कोडमध्येही तेच. कोडच्या एकेका तुकड्याच्या, म्हणजे क्लासच्या, डोक्यावर @ लावून जी खूण लिहितात, त्या ॲनोटेशनवर ते तासन्‌तास घालवत. पान दाखवणारा क्लास 'कंट्रोलर', नुसती माहिती देणारा 'रेस्ट कंट्रोलर' आणि डेटाबेसशी बोलणारा 'रिपॉझिटरी'च. आमचा प्रमुख प्रोग्रामर प्रसाद मात्र हे दोन्ही कंट्रोलर सोडून बाकी सगळ्यांना सरसकट 'कम्पोनंट' लावायचा.

"चालतंय ना, नाना!"

"बठ्ठा डबास्ले एकच चिठ्ठी? मंग मीठ कोनतं नि साखर कोनती शे?"

शेवटी प्रसाद म्हणाला, "ताई, ते तरी राहतील नाहीतर मी." मी प्रसादची बाजू घेतली. नानांनी बदललेल्या खुणा त्याने पुन्हा पुसल्या.

आम्ही तिघं धुळ्याला गेलो. तिथे व्यापाऱ्याने मुद्दाम एकच गाडी दोनदा बुक केली. 'ही गाडी आधीच बुक आहे' असं दिसायला हवं होतं. आली पानभर इंग्रजी लाल अक्षरं.

"ताई, हे माझ्या ड्रायव्हरने वाचायचं?"

प्रसाद घाईघाईने पान पुन्हा लोड करू लागला. नानांनी 'चष्मा' लिहिलेल्या डबीतून चष्मा काढला, डेटाबेसशी बोलणाऱ्या क्लासवरचं 'कम्पोनंट' खोडून 'रिपॉझिटरी' लिहिलं आणि वेबसाइट पुन्हा सुरू केली. गाडी परत बुक केली. पडद्यावर शुद्ध मराठीत नकार!

"ही खूण असली की डेटाबेसची ओरड फ्रेमवर्क, म्हणजे कोडखालची तयार चौकट, आपल्या कोडला कळेल अशा भाषेत आणून देतं," नाना म्हणाले. "आपला मराठी निरोप तयारच होता, त्याला हाक पोचत नव्हती."

व्यापाऱ्याने तिथेच काम पक्कं केलं. परतीच्या बसमध्ये प्रसादने स्वतःहून नानांना खिडकी दिली. एरंडोल यायच्या आत नाना झोपी गेले. मांडीवरच्या पिशवीला चिठ्ठी होती, 'ऑफिस'. अक्षर हल्ली थरथरतंय, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. माझं दुसरं काम तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, मी त्यांच्या खुर्चीला ठळक अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'नाना. हलवू नये.'